वंशावळ करून घ्यायला येताय? आधी प्रत्येक नावापुढे साल लिहा

आमच्याकडे येणारे बहुतेक जण पहिल्यांदा एकच विचारतात : ‘आडनाव एकच, म्हणजे मूळ पुरुषही एकच ना?’ तसं नसतं. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वतनावरून पडलेली आडनावं, त्यामुळे गावोगावची घराणी वेगळी. ‘कर’वाले गावावरून, एकाच गावातून बाहेर पडलेली दोन घराणी एकच आडनाव लावतात आणि त्यांचं आपसात काही नातं नसतं. कुलदैवत, देवक, गोत्र जुळलं तर शोधाला दिशा मिळते, पण तो पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे ‘अमका हा तमक्याचा मुलगा’ असं सांगणारा कागद, आणि तो दर पिढीला वेगळा लागतो.

खरा वेळ जातो तो मात्र दुसऱ्याच चुकीत. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. महादेव गोविंद, गोविंद महादेव, पुन्हा महादेव गोविंद. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीनच पिढ्यांची नावं घेतात, म्हणून घरात पाठ असतात तीही तेवढीच. त्यांच्या वर, आणि पाठ सुटलं तर त्यांच्यातही, दोन महादेवांचा एक महादेव होतो.

एका कुटुंबाचं असंच झालं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या नामावळीत, म्हणजे यात्रेकरूंच्या नोंदवहीत, त्यांना नोंद मिळाली : शके 1789, ‘महादेव बिन रामजी’ (म्हणजे रामजीचा मुलगा महादेव), बायको सखू. आजोबा महादेव, म्हणजे पणजोबा रामजी, असं धरून त्यांनी तक्ता करून आणला. आम्ही त्यावर विसंबलो आणि जुन्या फेरफारांत रामजीच्या वारसांची नोंद दीड महिना शोधली. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो : 1867. तेव्हा तो माणूस वीस वर्षांचा धरला, तर 1961 साली वारलेले आजोबा एकशे चौदा वर्षांचे होते म्हणायचं! गाठ सोडवली नव्वदीच्या आत्याबाईंनी. ‘सखू? माझी आई जानकी. सखू ही आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, आजी.’ थोरले महादेव आणि त्यांचा मुलगा गोविंद, दोन पिढ्या तक्त्यातून गळाल्या होत्या.

म्हणून आता आम्ही आधी साल आणि बायकोचं नाव विचारतो. ‘बायकांची नावं कशाला, वंश तर पुरुषांचा’ असं काही जण म्हणतात. एका नावाचे दोन पुरुष वेगळे काढायला याहून खात्रीची खूण नाही. लग्नात नाव बदललं असेल तर माहेरचं नावही सांगा. कोणी दत्तक गेलं असेल तर तेही लपवू नका. कागदावर बापाचं नाव तिथेच बदलतं.

‘आठ दिवसांत का होत नाही?’ जुने कागद मोडी लिपीत असतात आणि आम्ही प्रत्येक नोंद दोघांकडून स्वतंत्र वाचून घेतो. जिथे कागद नाही तिथे तुटक रेघ काढतो. ती कोणी आग्रह केला तरी सलग करत नाही. एखाद्या सरदार घराण्याला तुम्हाला जोडून देणंही आमच्याकडे होत नाही.

‘आम्ही दोघं नात्यात लागतो का?’ याचं उत्तर बहुधा ‘हो’ असतं. दर पिढीला पूर्वज दुप्पट होतात : दहाव्या पिढीत 1,024, तिसाव्या पिढीत, म्हणजे साधारण ज्ञानेश्वरांच्या काळात, 107 कोटींच्या वर. तेवढी माणसं तेव्हा साऱ्या जगातही नव्हती. म्हणजे तीच माणसं तुमच्या वंशवृक्षात अनेक ठिकाणी येतात. आईवडील सख्खे आते-मामे भावंडं असतील तर पणजोबा-पणज्या आठ नव्हे, सहाच. आम्ही शोधतो तो कागदाने सिद्ध होणारा सगळ्यात जवळचा समान पूर्वज. डीएनए तपासणीतलं वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे येतं आणि मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले स्वतःचा डीएनए असलेले कण, आईकडून. त्या 1,024 जणांपैकी हे दोन धागे फक्त दोघांपर्यंत पोचवतात, आणि नाव-गाव त्यातही लिहिलेलं नसतं.

येताना सातबारा, वारसनोंदीचे फेरफार, शाळा सोडल्याचे दाखले आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी आणा. सालं भरलेला तक्ता आणलात तर पहिल्या तीन पिढ्यांच्या पडताळणीचे पैसे आम्ही घेत नाही. पहिली बैठक मोफत आहे. तिला घरातल्या सगळ्यात वयस्कर आत्याबाईंना किंवा काकूंना सोबत घेऊन या. प्रवास झेपत नसेल तर आम्ही त्यांच्याकडे येऊ.