हातफेक टेहळणी ड्रोन

एका जवानाने हाताने फेकून उडवायचे, कॅमेरा बसवलेले लहान वैमानिकरहित लष्करी विमान. धावपट्टी किंवा उड्डाणाचे वेगळे यंत्र लागत नाही. सुटे भाग पाठीवरच्या पिशवीत मावतात आणि काही मिनिटांत जोडले जातात. पुढच्या टेकडीपलीकडे काय आहे हे पाहायला पूर्वी दोन-चार जणांना जीव मुठीत धरून जावे लागे. ते काम हे विमान करते. सातारा तालुक्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या घरोघरी फौजी असलेल्या गावात त्याची गरज कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

या वर्गातले सर्वांत परिचित विमान म्हणजे अमेरिकेच्या एरोव्हायरनमेंट कंपनीचे आरक्यू-११ रेव्हन. याच कंपनीचे आधीचे पॉइंटर १९९१ च्या आखाती युद्धात वापरले गेले होते, पण ते रेव्हनच्या जवळपास दुप्पट मोठे होते. रेव्हनचे वजन सुमारे १.९ किलो आणि पंखांचा विस्तार १.४ मीटरच्या आसपास आहे. बॅटरीवर ते तास-दीड तास उडते, पल्ला सुमारे १० किलोमीटर. नाकात दिवसा पाहणारा आणि उष्णता टिपणारा, असे दोन प्रकारचे कॅमेरे बसवता येतात. खरे तर याहून सरस कॅमेरे मोठ्या ड्रोनवर असतात. रेव्हनचे महत्त्व वेगळे आहे : ते तुकडीच्या स्वतःच्या हातात असते. वरच्या मुख्यालयाकडे विमान मागून वाट पाहावी लागत नाही.

उडवताना वाऱ्याकडे तोंड करून, भाला फेकावा तसे, ते जोराने पुढे सोडतात. मागच्या बाजूचा पंखा त्याला ढकलत वर नेतो. उतरण्याची रीत मात्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला दचकवते. मोटर बंद होते, नाक वर उचलले जाते, पंखांची उचल संपते आणि विमान जवळजवळ उभेच खाली येते. जमिनीला लागताच पंख, शेपूट, नाक सुटे होऊन विखुरतात. रचनाच तशी आहे : भाग सुटण्यात आदळण्याचा जोर खर्ची पडतो आणि काही मोडत नाही. जवान तुकडे गोळा करून पुन्हा जोडतो.

विमान आणि चालक यांना बांधणारा दुवा रेडिओचा असतो, आणि दुबळी बाजूही तीच. अमेरिकेने युक्रेनला दिलेल्या जुन्या ॲनालॉग रेव्हनचे संदेश रशियाला सहज अडवता येतात, अशी तक्रार २०१६ मध्ये पुढे आली. नंतरच्या रेव्हनमध्ये डिजिटल, सांकेतिक दुवा आला.

शत्रू नसला तरी डोंगर असतोच. साताऱ्यात उभे राहून सोडलेले असे विमान अजिंक्यताऱ्याच्या पलीकडच्या उतारावर खाली गेले, तर किल्ल्याचा डोंगरच मध्ये येऊन संपर्क तुटेल. १० किलोमीटरचा पल्ला खरा ठरतो तो माण-खटावच्या उघड्या माळावर. कोयनेच्या खोऱ्यात आणखी एक अडचण आहे, दाट झाडीची. पानांच्या छताखालचा माणूस उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यालाही नीट दिसत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या का उभ्या केल्या, हे तिथे गेलेल्याला सांगायला नको. ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या विमानासमोर ४० चा वारा आला, तर जमिनीवरून त्याची प्रगती ताशी १० किलोमीटर उरते, आणि बॅटरी मात्र नेहमीसारखीच संपत राहते.

अशा ड्रोनला 'आजचा बहिर्जी नाईक' म्हणणे ओढूनताणून आहे. सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर ज्यांची समाधी दाखवली जाते ते बहिर्जी माणसांत मिसळून मनातली बातमी काढत, असे परंपरा सांगते. ड्रोनला फक्त वरून दिसेल तेवढेच कळते : गाड्या किती, वाट कुठली, छपरावर कोण. गावातले लोक कुणाच्या बाजूचे आहेत, हे त्याला सांगता येत नाही.

भारतात संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेची बंगळुरूची प्रयोगशाळा आणि राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा यांनी हाताने सोडायचे 'इम्पीरियल ईगल' विकसित केले. नागरी वापरासाठी ड्रोन नियम, २०२१ आहेत. त्यांत २५० ग्रॅमहून जास्त ते २ किलोपर्यंतचे ड्रोन 'मायक्रो' वर्गात मोडतात, म्हणजे वजनाने रेव्हनही त्यातच बसले असते. भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या ड्रोनना मात्र हे नियम लागू नाहीत.