कांडी जगते, मग अख्खा वळू का नाही?
(लिक्विड नायट्रोजन कंटेनर वापरणाऱ्या पशुपालक आणि रेतन सेवकांसाठी)

कंटेनर भरून देताना हमखास एक प्रश्न येतो: उणे 196 अंशांत कांडीतलं (वीर्य भरलेल्या बारीक नळीतलं) वीर्य वर्षानुवर्षं टिकतं, तर जनावर किंवा माणूस का नाही? प्रश्न थट्टेत विचारला जातो, पण कांडी कशी जपायची हे त्याच्याच उत्तरात आहे.

पेशीचा खरा वैरी बर्फ. पाणी गोठू लागलं की क्षार उरलेल्या पाण्यात दाटत जातात आणि पेशी आक्रसते. बर्फ आत झाला, तर आवरणच फाटतं. 1949 मध्ये इंग्लंडात ख्रिस्तोफर पोल्ज आणि सहकाऱ्यांना दिसलं, की ग्लिसरॉल घातलं तर कोंबड्याचे शुक्राणू गोठवूनही पुन्हा हलतात. तरी नुकसान होतंच. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे कांडीत किमान 2 कोटी शुक्राणू लागतात आणि थॉ केल्यावर (वितळवल्यावर) निम्मे हलले तरी माल पास. बाकीचे गेले तरी गाय गाभण राहते, कारण काम एकाचंच. मेंदूतल्या निम्म्या पेशी गेल्यावर कोण उठून बसणार?

शिवाय जाडी. पाव मिलीची कांडी 37 अंशांच्या पाण्यात अर्ध्या मिनिटात सगळीकडून सारखी वितळते. मोठा अवयव बाहेरून वितळतो तेव्हा आत गोठलेलाच असतो. 2023 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात उंदरांची मूत्रपिंडं बर्फ होऊ न देता काचेसारखी घट्ट करून 100 दिवसांपर्यंत ठेवली. मग आत सोडलेल्या लोहाच्या सूक्ष्म कणांना चुंबकीय क्षेत्रानं तापवून ती एकसारखी उबवली आणि दुसऱ्या उंदरांत बसवली. ती चालली! काम थोर आहे, पण मूत्रपिंड उंदराचं आहे.

अलास्कातल्या बेडकाचा दाखलाही लोक देतात. हिवाळ्यात त्याच्या अंगातलं बरंचसं पाणी गोठतं, हृदय थांबतं आणि उन्हाळा लागताना तो पुन्हा उड्या मारतो. पण बर्फ पेशींच्या बाहेर राहतो, आत साखर दाटलेली असते, आणि उणे 196 च्या आसपासही तो जात नाही.

अमेरिकेत जेम्स बेडफोर्ड या प्राध्यापकांचा देह पुढे जिवंत करता येईल या आशेनं 1967 पासून गोठवून ठेवलाय, तोही मृत्यूनंतर. वाढ झालेला एकही सस्तन प्राणी नायट्रोजनच्या थंडीतून जिवंत परत आलेला नाही. त्यामुळे लाडका वळू गोठवण्याबद्दल विचारणाऱ्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो. पैसे घालवू नका.

आता कांडीचं. कॅनिस्टर (कांड्या ठेवायचा दांड्याचा डबा) कंटेनरच्या मानेच्या वर उचलू नका. कांडी जरा उबली की आतले बारीक स्फटिक वाढतात, आणि पुन्हा नायट्रोजनमध्ये बुडवल्यानं ते लहान होत नाहीत. बाहेरून मात्र कांडी तशीच दिसते, म्हणून दोष गायीवर जातो. थॉ केलेली कांडी परत टाकू नका. पातळी दर आठवड्याला पट्टी बुडवून बघा. बाहेर काढल्यावर हिव धरतं तिथपर्यंत नायट्रोजन आहे.

एक लिटर नायट्रोजनचा सुमारे 700 लिटर वायू होतो आणि त्याला वास नसतो. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत तो प्राणवायू हटवतो. कंटेनर हवेशीर जागी ठेवा, आणि त्याचं सैल झाकण कापड कोंबून घट्ट करू नका.