कूळकायद्याची पाहणी आणि धोरणासाठीच्या सरकारी संशोधनाची पार्श्वभूमी

सरकारने पैसा द्यावा, अभ्यासकांनी स्वतंत्रपणे पाहणी करावी आणि तिच्या आधारे धोरण ठरावे किंवा बदलावे, ही व्यवस्था आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर रुजली; तिची पूर्वतयारी मात्र त्याआधीच झालेली होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. या गावातील सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये सुमारे ४० एकर होती, ती १९१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आली, हे त्यांनी जुन्या नोंदी तपासून दाखवले. आज टोलेजंग इमारतींनी भरलेल्या या उपनगरात ते गाव शोधूनही सापडणार नाही, परंतु शेतीच्या तुकडीकरणावरील चर्चेला आकड्यांचा आधार मिळाला तो तिथल्या नोंदींतून. अर्थात पुरावा हाती आला म्हणून कायदा लगेच होत नाही. मुंबई इलाख्यात लहान धारणांविषयी १९२७ मध्ये आलेले विधेयक तीव्र विरोधामुळे मागे घ्यावे लागले आणि तुकडेबंदीचा कायदा १९४७ मध्ये झाला.

रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी प्रत्यक्ष पाहणी हीच संस्थेच्या कामाची मुख्य रीत केली. त्यामुळे नियोजन सुरू झाले तेव्हा गावोगाव जाऊन माहिती गोळा करू शकणारी माणसे पुण्यात तयार होती. १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासोबत गाडगीळही होते. पुढच्याच वर्षी निवडक कुटुंबांच्या नमुन्यावरून देशभरची माहिती गोळा करणारी राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली.

पहिल्या पंचवार्षिक योजनेत विकासाच्या सामाजिक, आर्थिक आणि प्रशासकीय प्रश्नांवरील संशोधनासाठी ५० लाख रुपयांची तरतूद होती. तिचा विनियोग करण्यासाठी नियोजन आयोगाने १९५३ मध्ये संशोधन कार्यक्रम समिती नेमली. समितीने स्वतःचे संशोधन खाते काढले नाही. विषय ठरवून विद्यापीठांना आणि संस्थांना अनुदान दिले. मुंबई, पुणे, हुबळी अशा शहरांच्या आर्थिक पाहण्या याच निधीतून झाल्या. भूसुधारणा हा समितीचा दुसरा मोठा विषय होता आणि माझ्या मते या व्यवस्थेची खरी कसोटी तिथेच लागली.

मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्याने मालकाने घ्यायच्या खंडावर मर्यादा घातली होती. जिरायतीत पिकाचा तिसरा आणि बागायतीत चौथा हिस्सा, याहून अधिक घेता येणार नव्हते. कुळाला सहजासहजी काढता येणार नाही, अशीही तरतूद होती. मात्र स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागण्याची मुभा मालकाला होती आणि कुळाने राजीनामा दिला, म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडल्याचे लिहून दिले, तर वहिवाट संपत होती. गावात प्रत्यक्षात काय घडते आहे, हे पाहण्याचे काम गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी केले. त्यांचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्य तेव्हा आजच्या गुजरातपासून कर्नाटकाच्या उत्तर भागापर्यंत पसरलेले असल्याने पाहणीचा आवाकाही तेवढाच मोठा होता.

निष्कर्ष सरकारला सुखावणारे नव्हते. जमिनीचे व्यवहार पूर्वीच्याच वळणाने चालू होते, जमीन मालकाकडून कुळाकडे जात असल्याची ठळक खूण दिसत नव्हती, कुळे बदलण्याचे आणि मालकांनी जमिनी परत घेण्याचे प्रमाण लक्षणीय होते आणि बटाईचे रूढ हिस्से कायद्याने फारसे हललेले नव्हते. राजीनामा कागदावर स्वखुशीचा असे; परंतु ज्याच्या उचलीवर पुढचा हंगाम अवलंबून आहे, त्याच्यासमोर अंगठा उठवणाऱ्या कुळाची खुशी किती, हा प्रश्न तलाठ्याच्या दप्तरातून सुटणारा नव्हता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेनेही अशा ‘स्वेच्छेच्या’ राजीनाम्यांबद्दल उघड शंका नोंदवली होती. दरम्यान १९५६ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळांना जमिनीचे खरेदीदार मानण्याची तरतूद अमलात आली. हा बदल त्या एका अहवालामुळे झाला असे म्हणता येणार नाही, कारण दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या. तरीही सरकारी अनुदानातून झालेल्या अभ्यासाने सरकारचाच कायदा गावात पोहोचला नसल्याचे सांगावे आणि तो अहवाल छापून सर्वांपुढे यावा, याचे मोल मला फार मोठे वाटते.

शेतीच्या क्षेत्रात याच काळात कायमस्वरूपी यंत्रणा उभी राहिली. केंद्रीय कृषी मंत्रालयाने १९५४ मध्ये कृषी-आर्थिक संशोधन केंद्रे सुरू केली आणि सुरुवातीच्या केंद्रांत पुण्याचे केंद्र होते. शेतीव्यवस्थापनाच्या सरकारी पाहण्यांसाठी मुंबई राज्यात नगर आणि नाशिक हे जिल्हे निवडले गेले. लहान शेतात एकरी उत्पादन तुलनेने अधिक निघते की काय, हा देशभर गाजलेला वाद अशाच पाहण्यांच्या आकड्यांतून उभा राहिला.

सामाजिक शास्त्रांच्या अनुदानासाठी १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष आणि कोल्हापूरकडचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक पहिले सदस्य-सचिव होते. अनुदान देणारी संस्था मंत्रालयापासून काही अंतरावर असावी, हा या रचनेचा गाभा होता. नियोजन आयोगाची जागा २०१५ मध्ये नीती आयोगाने घेतली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने धोरणाला उपयोगी पडणाऱ्या सामाजिक संशोधनासाठी ४१४ कोटी रुपयांची ‘इम्प्रेस’ ही योजना मंजूर केली. सुमारे १,५०० प्रकल्पांना साहाय्य देण्याचे तिचे उद्दिष्ट होते आणि अंमलबजावणी याच परिषदेकडे होती.

पैशाची तरतूद अशी वाढत गेली, पण निष्कर्ष आणि आकडे लोकांपुढे येण्याचा प्रश्न वेगळाच राहिला. २०१७-१८ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीचे निकाल गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्ध न करण्याचा निर्णय सांख्यिकी मंत्रालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केला. त्यामुळे २०२२-२३ च्या पाहणीचे आकडे २०२४ मध्ये हाती येईपर्यंत गरिबीविषयी लिहिणाऱ्यांना या मालिकेतील २०११-१२ च्या आकड्यांवरच विसंबावे लागले.