सिंथ गप्प, सीपीयू गरम

लिनक्सवर स्वतः सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे आकडेमोडीतून आवाज घडवणारं सॉफ्टवेअर) बिल्ड करून, म्हणजे सोर्स कोडमधून तयार करून, वाजवणाऱ्यांना कधीतरी एक भलताच प्रकार बघायला मिळतो. दोन्ही हातांनी कॉर्ड दाबून धरलीय तोवर सीपीयू एकदम आरामात, आणि बोटं उचलली, आवाज विरून गेला, की दोनेक सेकंदांत मीटर सरळ वर. अरे काही वाजतच नाहीये तर मशीन करतंय काय?

उत्तराआधी थोडी पार्श्वभूमी. ओपन सोर्स सिंथमधलं जुनं आणि दणकट नाव म्हणजे झिनअ‍ॅडसबएफएक्स. रोमानियाच्या नास्का ऑक्टाव्हियन पॉल यांनी ते २००२ मध्ये आणलं, पुढे २००९ मध्ये त्यातूनच योशिमी फुटून वेगळं झालं. अ‍ॅड म्हणजे साइन वेव्हज एकमेकांत मिळवत आवाज बांधायचा, सब म्हणजे खरखर घेऊन ती फिल्टरमधून गाळायची. बिल्ड करणं तसं सोपंय, गिट क्लोन करून कोड उतरवायचा (सबमोड्यूल म्हणजे जोडलेल्या उपप्रकल्पांसकट, नाहीतर पुढे डोकं फुटतं), मग सीमेक, मग मेक. अडलंच तर एफएफटीडब्ल्यू नाहीतर एमएक्सएमएल या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज टाकलेलं नसतं, ते टाकलं की गाडी पुढे.

खरी गंमत चालवताना. साउंड कार्डला सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाचे सुटे आकडे) लागतात आणि ती २५६-२५६ च्या घासांनी, म्हणजे ब्लॉकनी, दिली तर प्रत्येक घासाला ५.३ मिलिसेकंद मिळतात, बस्स. पंगतीत वाढप्याने पान रिकामं दिसू द्यायचं नाही तसलाच हा मामला, फक्त इथे पान रिकामं दिसलं की स्पीकरमधून 'टक्' असा आवाज येतो. याला एक्सरन म्हणतात. सरासरीने वेळेत पोचतो वगैरे इथे चालत नाही, हजारात एकदा उशीर झाला तरी ऐकणाऱ्याला तो एकच कळतो.

म्हणूनच नेहमीची डिबगिंगची हत्यारं इथे बोथट पडतात. जीडीबी या डिबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावून ऑडिओ थ्रेड (प्रोग्रॅममधला आवाज काढणारा स्वतंत्र धागा) थांबवला तर जॅक, म्हणजे सिंथ आणि साउंड कार्डमधला ऑडिओ सर्व्हर, थोडा वेळ वाट बघतो आणि सिंथला सरळ हाकलून देतो. बरं, प्रिंटएफ टाकून बघावं तर टर्मिनलवर लिहिणं स्वतःच कधी अडकेल याचा नेम नाही, म्हणजे बग शोधायला घातलेली ओळच नवीन एक्सरन काढणार. मेमरी मागणाऱ्या मॅलॉकचंही तेच, आत लॉक असतं (दुसरा थ्रेड ते धरून बसला तर थांबावं लागतं), मेमरी कमी पडली तर कर्नलकडे जावं लागतं. त्यामुळे जाणकार लोक आकडे एका रिंग बफरमध्ये (आधीच राखून ठेवलेल्या गोल रांगेत) टाकतात आणि छापायचं काम दुसऱ्या निवांत थ्रेडला देतात.

तर आता तो शांततेतला बग. पर्फ (वेळ कुठे जातोय ते दाखवणारं लिनक्सचं हत्यार) लावून बघितलं की बोट फिल्टरवर जातं, नाहीतर रिव्हर्बवर, म्हणजे घुमणारा आवाज देणाऱ्या इफेक्टवर. दोन्हीकडे फीडबॅक असतो, म्हणजे आधीचं आउटपुट थोडं कमी करून परत आत घालायचं. समजा दर सॅम्पलला ०.९९९ ने गुणतोय. १ पासून सुरुवात केली तर साधारण ८७,००० सॅम्पलनंतर, म्हणजे १.८ सेकंदांत, आकडा १० च्या उणे ३८ व्या घातापर्यंत घसरतो. डेसिबलमध्ये हे उणे ७६० च्या आसपास येतं. २४ बिट ऑडिओचा तळच उणे १४४ ला लागतो, त्यामुळे ऐकू येण्याचा प्रश्नच नाही.

पण ३२ बिट फ्लोटची (दशांश आकडे साठवायच्या पद्धतीची) नेहमीची हद्द इथेच संपते. याच्याही खालचे आकडे लिहिता येतात, त्यांना डिनॉर्मल म्हणतात, फक्त बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये ते नेहमीच्या वेगवान वाटेने जात नाहीत आणि एकेका गुणाकाराला शंभराहून जास्त सायकल जातात. एरवी तोच गुणाकार चारेक सायकलमध्ये उरकतो.

आणि यातला खरा पेच पुढेच आहे. आकडा घसरत घसरत शेवटी शून्य होईल आणि सुटका होईल असं वाटतं ना? होत नाही. तिथे आकडे ठरावीक बारक्या पायऱ्यांवरच बसतात, आणि पाचशेव्या पायरीवर पोचलं की ५०० गुणिले ०.९९९ म्हणजे ४९९.५, जे राउंड होऊन पुन्हा ५००. झालं, अडकला! पुढची नोट वाजेपर्यंत तो फिल्टर तिथेच सायकल जाळत बसणार, आणि असे चौसष्ट व्हॉइस (एकाच वेळी चालणारे सूर) असतील तर पंखा फिरायला लागणारच.

इलाज मात्र दोन ओळींचा आहे. एक्स८६ प्रोसेसरमध्ये एफटीझेड आणि डीएझेड असे दोन फ्लॅग असतात, ते ऑन केले की असले आकडे थेट शून्य धरले जातात. फक्त हे सेटिंग प्रत्येक थ्रेडचं आपापलं असतं, म्हणून ते ऑडिओ कॉलबॅकच्या (दर घासाला बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनच्या) सुरुवातीलाच करावं. फास्ट-मॅथ फ्लॅगने बिल्ड केलं तर जीसीसी हा कंपायलर हे परस्पर करतो, पण मला तो उपाय अजिबात आवडत नाही, कारण त्याच फ्लॅगमुळे 'हा आकडा नॅन (म्हणजे आकडाच नसलेलं, बिघडलेलं उत्तर) आहे का' ही तपासणीसुद्धा कंपायलर उडवून टाकू शकतो. आणि नॅन एकदा का फीडबॅकमध्ये शिरला की बाहेर पडत नाही, कशानेही गुणा, नॅनच येतो, आणि सिंथ मुका होतो तो रीसेट करेपर्यंत.

आता हत्यारं सुधारलीत. २०२५ मध्ये आलेल्या एलएलव्हीएम २० या कंपायलर-संचात रिअलटाइम सॅनिटायझर आहे, कॉलबॅकवर खूण केली की आत कुठे मॅलॉक किंवा लॉक आला तर तो तिथेच ओरडतो, अगदी कोणत्या ओळीत तेही सांगतो. डिनॉर्मल मात्र त्याच्या तावडीत सापडत नाहीत, तो तर साधा गुणाकार. त्यासाठी टेस्ट वेगळी लिहावी लागते: सिंथ साउंड कार्डशिवाय चालवायचा, एक कॉर्ड वाजवून सोडायची, आणि पुढच्या दहा सेकंदांतल्या प्रत्येक ब्लॉकला किती वेळ लागला ते मोजायचं. शेवटचे ब्लॉक पहिल्यांपेक्षा महाग निघाले की समजायचं, कुठल्यातरी थ्रेडमध्ये फ्लॅग लावायचा राहिलाय.