ओला पांढरा झाकत नाही

‘पोस्टर कलर सोपे हो, चुकलं तर वरून रंग मारायचा’ असं नव्याने चित्रं काढू लागलेल्याला हमखास सांगतात. तो बिचारा निळ्या आकाशावर पिवळा सूर्य रंगवतो आणि सूर्य हिरवट निघतो. मग पुढचा सल्ला: ‘जाड लाव!’ अपारदर्शक रंग म्हणजे जाड रंग, हा समज पक्का बसलेला आहे. तो मोडायचा असेल तर चवथीच्या आधी गोव्यात डिचोलीकडच्या एखाद्या चित्रशाळेत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात तिथे, थोडा वेळ बसावं.

चिकणमातीच्या मूर्तीला आधी पांढरा हात मारतात. खडूची बारीक पूड, पाणी आणि डिंक, एवढाच ऐवज. पहिला हात मारला तरी खालची काळपट माती दिसतच राहते. नवखा पोरगा घाबरून लगेच दुसरा मारतो, वर तिसरा. हा जाड थर वाळताना तडकतो. मुरलेला माणूस एक पातळ हात मारून पंखा लावतो आणि दुसऱ्या मूर्तीकडे वळतो. कानांच्या कडा आधी पांढऱ्या होतात, मग पोट. पितांबराच्या चुण्या मात्र बराच वेळ राखाडी राहतात. रंग तोच, थर तोच. फक्त पाणी गेलं.

पाणी गेल्यावर खडूच्या कणांमध्ये हवा शिरते, सगळी गंमत तिथे आहे. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना दोघांच्या अपवर्तनांकात (पदार्थात शिरल्यावर प्रकाश किती मंदावतो ते सांगणारा अंक) जितकी तफावत, तितका जास्त परततो. हवेचा अपवर्तनांक 1, पाण्याचा 1.33, खडूचा साधारण 1.6. दोन अंकांची वजाबाकी भागिले बेरीज, आणि त्याचा वर्ग करा. हवेतल्या खडूवर सरळ पडलेल्या प्रकाशातला 5 टक्क्यांहून थोडा जास्त परत फिरतो, पाण्यातल्या खडूवरून 1 टक्कासुद्धा नाही. एका कणाचा हा हिशेब. थरात असे कण असंख्य, त्यामुळे फरक वाढत जातो. पावसात भिजलेल्या पांढऱ्या सदऱ्यातून अंग दिसतं, त्याचंही कारण हेच.

आता खडूऐवजी टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य घ्या. त्याच्या रुटाइल या स्फटिकरूपाचा अपवर्तनांक 2.7 च्या आसपास. हेच गणित पाण्यात केलं तर 11 टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे हा पांढरा ओला असतानाही झाकतो. जवसाच्या तेलात (1.48) तो 8 टक्क्यांवर टिकतो, तर खडू 0.15 टक्क्यांवर येऊन जवळजवळ गायब होतो. म्हणून खडूच्या पांढऱ्यावर थेट व्हार्निश मारलं की ते कणांमधली हवा हुसकून लावतं आणि झाकलेली माती पुन्हा डोकावते. खरं तर कण प्रकाशाच्या तरंगलांबीइतके लहान झाले की हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही. तिथे विकिरणाचं, म्हणजे प्रकाश विखुरण्याचं, वेगळं गणित येतं, आणि ते सांगतं की टायटॅनियमचा कण 0.2 ते 0.3 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असला की सर्वांत चांगला झाकतो. हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मा. त्याहून फार बारीक केला तर तो पारदर्शक होत जातो. काही सनस्क्रीन त्यामुळेच अंगावर पांढरं दिसत नाही. तेव्हा डब्यावर ‘नॅनो’ लिहिलं म्हणून जास्त पैसे मोजू नका. भिंतीच्या रंगातून ‘सकारात्मक ऊर्जा’ बाहेर पडते म्हणणाऱ्यांनाही नमस्कार; बाहेर पडतो तो आत शिरलेलाच प्रकाश, तोही थोडा कमी होऊन.

काळा रंग मात्र प्रकाश परतवत नाही, गिळतो, म्हणून एकाच हातात झाकतो. फसवतो तो पिवळा. झगझगीत पिवळ्या रंगद्रव्यांपैकी बऱ्याच जणांचा अपवर्तनांक रंगातल्या डिंकापेक्षा फारसा वर नसतो. ती निळा प्रकाश शोषतात, पण हिरवा आत सोडतात. खालच्या निळ्या थरावरून त्यातला थोडा परत येतो आणि सूर्य हिरवा होतो. आपल्या जांभ्या दगडाला रंग देणारी लोहाची ऑक्साइडं याबाबतीत दणकट: अपवर्तनांक 2 च्या पुष्कळ वर, शिवाय शोषणही भरपूर. म्हणून गेरू पातळ लावला तरी झाकतो.

तर सूर्याच्या जागी आधी टायटॅनियम पांढऱ्याचा एक पातळ हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. श्रावणातल्या दमट हवेत याला वेळ लागतो, घाई करू नका. पिवळा त्यावर एक-दोन फटकाऱ्यांतच लावा. डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो, आणि ब्रश घासत बसलात तर खालचा पांढराच काय, निळासुद्धा उचलला जाईल.