गॅलरीतला डिफेनबेकिया आणि गेटवरचा सायकस

आमच्या लॅब्रेडोरने गॅलरीतल्या डिफेनबेकियाचं पान एकदाच चावलं. क्षणात लाळेच्या तारा सुटल्या आणि पंजाने तोंड खरवडत त्याने घर डोक्यावर घेतलं. कच्चट अळूने आपला घसा खवखवतो, तोच हा प्रकार. डिफेनबेकिया काय, मनी प्लांट काय, सगळे अळूचेच भाऊबंद. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांच्या जुड्या असतात. पान चावलं की त्या सुया जिभेत, हिरड्यांत रुततात. तोंड पाण्याने धुऊन चमचाभर दही चाटवलं की बहुतेक वेळा निभावतं.

अळूत आपण चिंच घालतो, ती मात्र कुत्र्याला देऊ नये. द्राक्षं-बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं का निकामी होतात, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं, आणि चिंचेत ते भरपूर असतं. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही पुढे तसाच बिघाड आढळला.

डिफेनबेकिया निदान चावताक्षणी अद्दल घडवतो. सायकस तसं करत नाही. सोसायटीच्या गेटवर, बंगल्याच्या पोर्चमध्ये दिसणारं, माडाच्या झावळ्यांसारखी पानं असलेलं ते बुटकं झाड. नावाला पाम, पण पामच्या कुळातलं नाहीच. मादी झाडाच्या मधोमध शेंदरी बिया धरतात आणि कुत्रे त्या आवडीने चघळतात. त्यातलं सायकासिन साखरेला जोडलेलं असतं. आतड्यातले जिवाणू ती साखर तोडतात आणि मोकळा झालेला विषारी भाग यकृतावर उठतो. एखाद-दुसरी बीही जिवावर बेतू शकते. काही तासांत उलट्या सुरू होतात. ‘काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असेल’ म्हणून आपण सोडून देतो आणि दोन-तीन दिवसांनी डोळे पिवळे दिसतात.

कण्हेरीचा मारा हृदयावर. पेशीतलं सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा पंपच तिचं विष अडवतं, मग ठोके चुकायला लागतात. हृदयरोग्यांना नेमक्या मात्रेत देतात ते डिगॉक्सिनही याच पंपावर काम करतं. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हीसुद्धा त्याच जातकुळीची. पान वाळलं तरी विष जात नाही, त्यामुळे माळ्याने छाटून कोपऱ्यात रचलेला ढीग मला उभ्या झाडापेक्षा जास्त खटकतो.

यापैकी काही पोटात गेल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांकडे निघावं. मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नये. रक्तातलं सोडियम वाढून तेच जिवावर उठतं. सोबत चावलेली फांदी किंवा बी पिशवीत घालून न्यावी. नाव ठाऊक नसलं तरी चालेल, डॉक्टर ते बघून ओळखू शकतात.