कल्पाक्कमचं कार्बाइड इंधन आलं कुठून?

तामिळनाडूतल्या कल्पाक्कमची छोटी फास्ट ब्रीडर (वेगवान न्यूट्रॉनवर चालणारी, नवं इंधनही तयार करणारी) अणुभट्टी, एफबीटीआर, फ्रान्सच्या 'राप्सोडी'च्या धर्तीवर बांधायचा करार १९६९ मध्ये झाला. इंधनही तसंच ठरलं होतं: ३० टक्के प्लुटोनियम ऑक्साइड आणि ७० टक्के युरेनियम ऑक्साइड, त्यातलं युरेनियम ८५ टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेलं, म्हणजे सहज फुटणाऱ्या युरेनियम-२३५ चं प्रमाण तेवढं वाढवलेलं. १९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली आणि समृद्ध युरेनियमची वाट बंद झाली. आपल्या हातात उरलं साधं युरेनियम आणि मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) वापरलेल्या इंधनातून वेगळं काढलेलं प्लुटोनियम.

मग प्लुटोनियमच वाढवायचं? भट्टीचा गाभा इतका लहान, की प्लुटोनियमचं प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात न्यावं लागणार होतं. पण एवढं प्लुटोनियम असलेल्या ऑक्साइडचं, उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवरूप सोडियमशी पटत नाही, आणि ऑक्साइडमधून उष्णता बाहेरही सावकाश पडते. म्हणून कार्बाइड, म्हणजे ऑक्सिजनऐवजी कार्बनशी झालेलं संयुग, निवडलं. ७० टक्के प्लुटोनियम कार्बाइडचं मिश्रण मुख्य इंधन म्हणून तोवर जगात कुणी वापरलेलं नव्हतं. माझ्या मते आपल्या अणुकार्यक्रमातला हा सगळ्यात धाडसी निर्णय.

ते घडवलं तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने. कार्बाइडची पूड हवा लागली की पेट घेऊ शकते, दमटपणाने बिघडते. त्यामुळे ऑक्साइड आणि ग्रॅफाइट एकत्र तापवणं, दळणं, गोळ्या दाबणं, सगळं निष्क्रिय वायू भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, बाहेरून जाड रबरी मोज्यांत हात घालून करायचं. गोळ्या जायच्या जेमतेम ५.१ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पोलादी नळीत.

१८ ऑक्टोबर १९८५ रोजी या इंधनावर भट्टी क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यातली साखळी प्रक्रिया आपोआप चालू राहू लागली. कुणाचा पूर्वानुभव नसल्याने सुरुवातीला इंधन किती जाळायचं यावर, म्हणजे टनामागे किती उष्णता काढायची यावर, २५ हजार मेगावॅट-दिवस एवढीच मर्यादा घातली होती. मग थोडं जाळायचं, नळ्या काढून हॉट सेलमध्ये (किरणोत्सारापासून बचाव करणाऱ्या जाड भिंतींच्या खोलीत) तपासायच्या, मर्यादा वाढवायची. असं करत मजल १ लाख ६५ हजारांपर्यंत गेली.

शेजारच्या ५०० मेगावॅटच्या पीएफबीआर या मोठ्या फास्ट ब्रीडर भट्टीला मात्र ऑक्साइडच दिलं. तिचा गाभा मोठा, त्यामुळे २१ आणि २८ टक्के प्लुटोनियम ऑक्साइड पुरतं. त्या गोळ्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला बनतात, मधोमध बारीक भोक असलेल्या. ४ मार्च २०२४ रोजी त्या भट्टीचा गाभा भरायला सुरुवात झाली.